प्लेटवरच्या दोन रिकाम्या जागा

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
१८ फेब्रुवारी २०२४

प्रिय जोहरा,

अक्षर ओळखलंस का? नसशील तर पाकीट उलटं करून बघ, मागं नाव घातलंय. साळूच आहे मी. आधी पोटभर रागावून घे, हवं तर पत्र दोन दिवस गादीखाली सरकवून ठेव, पण वाच. आणि तूच वाच, जहांआराला वाचून दाखवायला सांगू नकोस. कंपनीच्या फळ्यावरची नोटीस मला तूच वाचून दाखवायचीस आणि वर टोमणा मारायचीस, "चौथी पास पाटलीन, कब सीखेगी तू?" शिकले बरं का. नातवंडांचा अभ्यास घेता घेता माझंही वाचणं-लिहिणं सुधारलं. दाखवायला तू नव्हतीस एवढंच.

मागच्या सोमवारी त्रिमूर्ती चौकात चष्मा करायला गेले होते. काउंटरवरच्या बाईनं नाव विचारलं. साळूबाई बद्रीनाथ दांडगे म्हणाले, तर तिचं पेन थांबलं. "चिकलठाण्याच्या कंपनीतल्या साळूबाई? अम्मी की साळू?" तुझी जहांआरा! तीन वर्षांची असताना माझ्या पदराला सोल्डरचा वास येतो म्हणून नाक मुरडायची ती. आता कानाजवळ चार केस पांढरे आणि दुकानातल्या दोन माणसांवर हुकूम. तुम्ही दोघं नवरा-बायको देवगाव रंगारीला असता, फारूखभाईंचे गुडघे दुखतात, सायकलचं दुकान आता पुतण्या बघतो, सगळं सांगितलं तिनं. मी सहज विचारलं, अम्मी अजून रेडिओ-बिडिओ उघडून बसती का गं? ती म्हणाली, "नै मौसी. इस्त्री का वायर टूट्या तो बी अम्मी हात नै लगाते. बोलते, मेरे हात का भरोसा नै."

ते ऐकल्यापासून मला अन्न गोड लागेना. तुझ्या त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितेय. जहांआरानं फोन नंबर दिलाय, तो दोनदा लावला आणि वाजायच्या आत बंद केला. फोनवर तू "छोड ना साळू" म्हणून मोकळी झाली असतीस, आणि मलाही तेवढंच हवं होतं की काय कोण जाणे. म्हणून लिहितेय. मला ओळीनं सांगू दे, मध्ये बोलू नकोस.

आमचं म्हणशील तर बरं आहे. हे रिटायर होऊन दहा वर्षं झाली. घरात बसून माणूस काय काय उद्योग करतो ते तुला माहीत नसेल तर आमच्याकडं येऊन बघ. मागच्या दिवाळीत ह्यांनी कडूबा मंडपवाल्याकडून दोन स्पीकर उचलून आणले. त्यानं धंदा बंद केला, ह्यांनी आमच्या बैठकीत सुरू केला. माझ्या कमरेएवढी ती दोन खोकी, आणि वाजवायला अ‍ॅम्प्लिफायरच नाही. ह्यांचं म्हणणं, आधी स्पीकर, मग बाकीचं. घर बांधताना आधी छपराचे पत्रे आणणारा हा माणूस, त्याला काय बोलणार? मुलगा म्हणाला, बाबा, ते भंगारात द्या, मी मोबाइलवर वाजणारा छोटा डबा आणतो. सून म्हणाली, आईंना झाडायला अडचण होते. माझ्या नावानं बोलली म्हणून मला राग आला. मी म्हणाले, अ‍ॅम्प्लिफायर मी करते. सगळे हसले. ह्यांनी तर हसता हसता चहा सांडला.

ह्या लोकांना मी सोळा वर्षं कंपनीत जायचे म्हणजे काय करायचे, हेच माहीत नाही. पापड लाटायला जात होते असं वाटतं त्यांना.

कंपनी बंद झाली तेव्हा शेडमध्ये अ‍ॅम्प्लिफायरच्या कोऱ्या सर्किट-प्लेटांचा ढीग पडला होता. एक मी पदराखालून आणली होती, साडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवली होती. ती काढली. तांबं काळपटलं होतं, चिंच लावून घासलं, लख्ख झालं. आता ह्यात काय कुठं बसतं याचा कागद काही माझ्याजवळ नाही, आणि त्या प्लेटवर खुणा छापलेल्याही नव्हत्या, आठवतं ना? पण मी डोळे मिटले आणि सगळं एकामागून एक दिसायला लागलं. तांबडा-तांबडा-पिवळा पट्ट्यांचा रेझिस्टर इथं, तपकिरी-काळा-नारिंगी त्याच्याखाली. यादी करून गुलमंडीच्या मागच्या गल्लीत गेले. दुकानातला माणूस म्हणाला, "मावशी, हे नंबर आता निघत नाय, बदली देतो. घरी कोण इंजिनिअर हाय?" मी म्हणाले, मीच. त्यानं पोरासारखं हसून सामान दिलं आणि चहाही पाजला.

आपलं टेबल तुला आठवतं का? शेडच्या टोकाला, खिडकीशी, तापलेल्या पत्र्याखाली. पाच टेबलं ओलांडून प्लेट आपल्यापर्यंत यायची. शेवटचे अकरा भाग तुझे. तू प्लेट नीट स्वतःसमोर मांडायचीस, चिमट्यानं एकेक भाग उचलायचीस, पाय वाकवून भोकात बसवायचीस. मग प्लेट माझ्याकडं सरकायची, मी ती पालथी घालायची आणि सगळ्यांच्या भागांना मिळून सोल्डर मारायची. तुझ्या अकरा भागांत ते दोन कंडेन्सर होते, शेंगदाण्याएवढे, निळे, एका अंगाला पांढरी पट्टी. तुझे बाकीचे नऊ भाग कसेही फिरवून बसवा, चालायचं. कंडेन्सरची पट्टी मात्र जिथं हवी तिथंच हवी. उलटा बसला तर तो लगेच बोंब मारत नाही. चाचणीत पास होतो, आठ-पंधरा दिवस गुमान वाजतो, आणि एके दिवशी फुगून फुटतो. म्हणून तर ते काम सांडू सुपरवायझरनं तुला दिलं होतं. नवीन पोरींना तो तुझ्या मागं उभं करायचा आणि म्हणायचा, "हिचा हात बघा. डोळे झाकून बसवंल, पर चुकायची नाय." तू लाजून चिमटा खाली ठेवायचीस. मला हेवा वाटायचा, आज सांगते.

मी तुझ्या समोर बसायचे. एकदा प्लेट पालथी घातली की वरची बाजू मला दिसायची नाही, त्यामुळं पट्टी मी पाहिली ती फक्त तू बसवत असताना, टेबलाच्या पलीकडून. आणि पलीकडून ती मला नेहमी माझ्या अंगाला दिसायची. सोळा वर्षांतली सहा वर्षं रोज तशीच दिसली.

बरं, अ‍ॅम्प्लिफायरचं पुढं ऐक. पंधरा दिवस मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. सोल्डरमधल्या राळेचा वास आला आणि जोहरा, मला रडूच आलं. हात थोडा थरथरतो आता, पण सोल्डरचा थेंब पडला की तोच, चकचकीत आणि गोल. ट्रान्सफॉर्मर बसवला, अॅल्युमिनियमचं जाड पान लावलं, तापू नये म्हणून, खोकं शेजारच्या सुतारानं करून दिलं. सुरू केला तर नुसती गुणगुण, माशी अडकल्यासारखी. ट्रान्सफॉर्मर फिरवून दुसऱ्या कोपऱ्यात नेला, अर्थिंगच्या सगळ्या वायरी एकाच जागी आणल्या, गुणगुण गेली. आणि मग ह्यांनी लावलं एक जुनं भजन. भिंतीवरचा गणपतीचा फोटो हलला! समोरचे नानासाहेब चप्पल न घालता धावत आले, काय झालं म्हणून. मी आठवडाभर सगळ्या गल्लीला चहा पाजला. सून आपल्या मैत्रिणींना फोनवर सांगत होती, "आमच्या आईंनी घरी बनवलाय." झाडायची अडचण कुठं गेली कोण जाणे.

अकरा दिवस वाजला. बाराव्या दिवशी, दुपारचे चार, मी मटकी निवडत होते. फट् झालं. आधी एका बाजूचा आवाज फाटला, मग दुसऱ्या बाजूचा, आणि खोक्यातून धूर. हे म्हणाले, "गेला तुझा कारखाना." मी आधी प्लग काढला. तो करपलेला, खारट, घशात बसणारा वास मी आयुष्यात एकदाच घेतला होता. त्या दिवशी, सांडू सुपरवायझरनं परत आलेल्या सेटांचं खोकं आपल्या टेबलावर उघडलं तेव्हा.

खोकं उघडून बघितलं. दोन्ही निळे कंडेन्सर फुगून फाटलेले. मला कळेना, बाकी सगळं बरोबर, मग हेच दोन का? आधी वाटलं, दिसलं नसेल नीट, म्हणूनच चष्म्याच्या दुकानात गेले. म्हणजे जहांआरा भेटली ती त्या दोन कंडेन्सरांमुळं. घरी आले ती तिचं वाक्य डोक्यात घेऊन. नवा चष्मा लावला, प्लेट टेबलावर माझ्यासमोर ठेवली आणि बघत बसले. पट्टी माझ्या अंगाला होती. बरोबर तर आहे, म्हणाले. रोज अशीच तर बघत होते.

मग काय वाटलं कुणास ठाऊक, मी उठले आणि टेबलाच्या पलीकडं जाऊन बसले. तुझ्या जागेवर. कंपनीत एकदाही बसले नव्हते गं मी तिथं. प्लेट पुन्हा स्वतःकडं फिरवली, तू फिरवायचीस तशी, आणि तुझा हात आठवायला लागले. तू पट्टी स्वतःपासून लांब ठेवायचीस. तुझ्यापासून लांब म्हणजे माझ्या अंगाला. मला दिसली ती माझ्या अंगाला, आणि मी तेवढंच पाठ केलं. प्लेट माझ्यासमोर फिरवून घेतली, पण पट्टी काही तिच्याबरोबर फिरवून माझ्यापासून लांब ठेवली नाही.

आता तू समजली असशील. तुला ती दुपार आठवणारच. पंच्याऐंशी साल, मे महिना, रमजानचा पहिला आठवडा. जहांआराला ताप भरला म्हणून तुझ्या सासूचा निरोप आला. महिन्याचे गेटपास आधीच संपलेले. तू रडकुंडीला आलीस. मी म्हणाले, "जा तू मागच्या कुंपणातून. तुझं मी बघते. कुणाला पत्ता लागू देत नाय." सुपरवायझर आला तेव्हा तू तोंड धुवायला गेलीस म्हणून सांगितलं, दोनदा. सोल्डरिंगची वायर तुझ्या बाजूला पुरत नव्हती, म्हणून मी माझ्याच स्टुलावर बसून तुझे अकरा भाग बसवले. प्लेट ओढून माझ्याकडं फिरवून घ्यायची, भाग बसवायचे, पालथी घालायची, सोल्डर. संध्याकाळपर्यंत ढीग संपवला. मला किती अभिमान वाटला होता त्या दिवशी! जोहराचं काम मी केलं, आणि कुणाला कळलंही नाही.

तीन आठवड्यांनी शहरातल्याच दुकानदाराकडून ते सेट परत आले. कुठल्या दिवशीचे, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. सुपरवायझरनं खोकं उघडलं आणि मला विचारलं, "कंडेन्सर कोण बसवतंय?" मी म्हणाले, "जोहरा." एवढंच. खोटं नव्हतं ते, आणि म्हणूनच तोंडातून इतकं सहज निघालं. मग तो तुला म्हणाला, "रोजे धरायचे, डोळ्यापुढं अंधारी येती, तरी कामावर यायचं कशाला?" सगळी शेड ऐकत होती. तू म्हणालीस, "मेरेच हात से हुआ होएंगा, साब." एकदा माझ्याकडं बघितलंस. मी मान खाली घालून सोल्डरिंगचं टोक फडक्यानं पुसत राहिले. तू चिमटा टेबलावर ठेवलास आणि गेलीस, ती पुन्हा कंपनीत आलीच नाहीस. सुपरवायझरनं तो चिमटा मलाच दिला, तुझ्या जागेचं काम मी बघावं म्हणून. पण मी त्या बाजूला कधी बसले नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी नवी बाई आणली.

मला तेव्हा माहीत नव्हतं की पट्टी मी उलटी बसवली. हे खरं आहे. पण त्या ढिगातली एक दुपार माझ्या हातची आहे, हे मला पक्कं माहीत होतं, हेही खरं आहे. तोंड उघडलं असतं तर तुझं चोरून जाणं बाहेर आलं असतं, दोघींचीही नोकरी गेली असती, त्यात त्या वर्षी ह्यांचा कारखाना बंद पडलेला, घरात माझ्या एकटीचाच पगार. हे मी स्वतःला एकोणचाळीस वर्षं सांगत आले. सांगून सांगून ते गुळगुळीत झालंय. खरं एवढंच की मी भ्याले. तू मात्र त्या दुपारबद्दल चकार शब्द काढला नाहीस. सांगितलं असतंस की साहेब, एक दिवस मी नव्हते, समोरचीनं केलंय, तर तू सुटली असतीस.

आणि वर चार दिवसांनी ईदला फारूखभाई सायकलवरून डबा घेऊन आले. शीरखुर्मा. काजू जास्त, कारण मला आवडतात. मी दाराआडून घेतला, आत बसून सगळा खाल्ला आणि रडले. तो डबा अजून माझ्याकडं आहे, जोहरा. परत करायचा तर आपल्याकडं रिकामा देत नाहीत, त्यात काहीतरी घालावं लागतं. काय घालणार होते मी? दिवाळीला करंज्या भरल्या, झाकण लावलं, आणि पुन्हा काढून पोरांना दिल्या. पुढच्या वर्षी तुम्ही घर सोडून देवगावला गेलात असं कळलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं.

तर हे पत्र कशासाठी, ते आता सांगते. तू घरात सगळ्यांना सांगतेस की तुझ्या हाताचा भरोसा नाही. तो हात तुझा नव्हता. माझा होता. रोज्यानं तुला अंधारी आली नव्हती, तुझी एकही पट्टी चुकली नव्हती, मी माझ्या टेबलावर दोन कंडेन्सर जाळून त्याची खात्री करून घेतली आहे. मला माफ कर असं म्हणायचं धाडस होत नाही, ते तू ठरव. पण हे वाक्य फारूखभाईंना, जहांआराला, सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखव, म्हणून तर सुरुवातीला म्हणाले, तू वाच. मी प्लेट साफ केली आहे. जळालेलं काढलं, तांबं घासलं, दोन जागा रिकाम्या ठेवल्या आहेत. त्या जागी मी हात लावणार नाही. नवे दोन निळे कंडेन्सर आणून तुझ्या डब्यात ठेवलेत, आणि तुझा चिमटाही, इतकी वर्षं तो माझ्याजवळच होता. डबा रिकामा नाही आता. रोजे सुरू व्हायच्या आत आलीस तर चहा करीन, रोज्यात आलीस तर इफ्तारीपर्यंत हलू देणार नाही. सुनेला सांगून टेबल खिडकीशी ओढून घेतलंय, एक स्टूल ह्या बाजूला आहे आणि एक त्या बाजूला. तू येऊन बसव, सोल्डर मी मारते.

तुझीच,
टेबलाच्या अलीकडची साळू